कॅमेऱ्यांतील तयार मोड आणि हस्तलिखितांचीं छायाचित्रें

जुनीं दप्तरें, पोथ्या व ताम्रपट यांच्या शोधांत हिंडणाऱ्या बहुतेक मंडळींजवळ आज डिजिटल कॅमेरा, निदान कॅमेरा असलेला फोन, असतोच. पूर्वीं एखाद्या वाड्यांतील रुमाल पाहावयास मिळाले, म्हणजे मालकाच्या ओसरीवर बैठक मारून एकेका कागदाची नक्कल उतरून घ्यावी लागे, आणि मालकाची मर्जी फिरण्याच्या आंत काम उरकावें लागे. आतां तेंच दप्तर दोन प्रहरांत चित्ररूपानें घरीं आणतां येतें. ही सोय लहान नव्हे. परंतु वाचनाकरितां व कालनिर्णयाकरितां आमच्यापुढें जीं चित्रें येतात, त्यांतील पुष्कळशीं कॅमेऱ्यावरील एखादा तयार मोड लावून घेतलेलीं असतात. आणि तो मोड कोणता, त्यानें मूळ कागदाच्या रूपांत कोणता फेरफार केला, हें घेणारास बहुधा ठाऊक नसतें. मोडी आणि मोड यांचा नामसादृश्यापलीकडे कांहीं संबंध नाहीं हें खरें. तथापि मोडीचा कागद चित्रावरून बिनचूक वाचावयाचा असेल, तर मोड ओळखणें आतां भाग झालें आहे. नक्कलकारानें फाटलेल्या जागीं आपल्या पदरचा शब्द घातला तर त्या नकलेस आपण दुय्यम मानतों. तयार मोड हा एक नक्कलकारच होय. त्याच्या खोडी ठाऊक असल्यावांचून त्याची नक्कल प्रमाण धरतां येत नाहीं.

कोणत्याहि छायाचित्राचें बरेंवाईट प्रथम तीन गोष्टींवर ठरतें. ज्यास ॲपर्चर म्हणतात तें भिंगाचें तोंड किती उघडावें, शटर किती वेळ उघडें राहावें, आणि आंतील संवेदक पटलावर उमटलेली प्रकाशाची खूण किती पटीनें वाढवून घ्यावी, या त्या तीन गोष्टी. तिसरीस आयएसओचा आंकडा म्हणतात. फिल्मच्या कॅमेऱ्यांत येथवर कॅमेऱ्याचें काम संपे. डिजिटल कॅमेऱ्याचें अर्धें काम येथून पुढें सुरू होतें. पांढरें कशास म्हणावें, उजळ व गडद यांतील अंतर किती ताणावें, रंग किती भडक करावे, अक्षरांच्या कडा किती धारदार कराव्या, बारीक ठिपके मळ समजून पुसावे कीं राखावे, हें सर्व तो क्षणार्धांत ठरवितो, आणि मग जेपेग नांवाच्या आटोपशीर रूपांत चित्र बांधून ठेवतो. तयार मोड म्हणजे या सर्व निर्णयांची कारखान्यांतच बांधून दिलेली मोट. चक्रीवर स्त्रीचें मुख, डोंगर, फूल, धांवणारा मनुष्य अशा खुणा असतात. त्या खुणा विषय सांगतात. मोटेंत काय बांधलें आहे तें सांगत नाहींत.

या मोडांचा पूर्वेतिहास जुन्या वस्तूंच्या रसिकांस रुचेल असा आहे. १९५९ सालीं जर्मनींतील आग्फा कंपनीनें 'ऑप्टिमा' नांवाचा कॅमेरा काढला. प्रकाशमापकाच्या साहाय्यानें भिंगाचें तोंड व शटर हीं दोन्ही आपोआप जुळविणारा तो ३५ मिलिमीटर फिल्मचा पहिला कॅमेरा मानतात. १९७८ च्या कॅननच्या 'ए-१' मध्यें हीच स्वयंचलित योजना, 'प्रोग्राम' या नांवानें, भिंग बदलतां येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांत आली. परंतु विषयपरत्वें निराळा मोड ही कल्पना अगदीं मूर्त रूपांत पाहावयाची असेल तर मिनोल्टा कंपनीचा १९८८ चा '७०००आय' पाहावा. त्या कॅमेऱ्यांत लहानसे पत्ते सरकवावयाचे असत. व्यक्तिचित्राचा पत्ता निराळा, खेळांचा निराळा, जवळच्या वस्तूंचा निराळा. एकेका विषयाचें शहाणपण पत्त्याच्या रूपानें विकत मिळे. डिजिटल कॅमेऱ्याचा जन्म याच्या आधींचा, म्हणजे १९७५ चा. कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन यांच्या त्या यंत्रांतून दहा हजार बिंदूंचें एक काळेंपांढरें चित्र कॅसेटवर उतरावयास २३ सेकंद लागत. पुढें या दोन धारा मिळाल्या आणि पत्त्यांचे मोड चक्रीवर व पडद्यावर येऊन बसले. एक भेद मात्र ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. पत्त्याची सत्ता तोंड व शटर यांपुरती होती, फिल्म सर्वांस एकच होती. आजच्या मोडाची सत्ता चित्र घेऊन झाल्यावरहि चालते, आणि आमच्या कामास जो अपाय होतो तो बहुशः या दुसऱ्या सत्तेचा.

प्रथम सर्वांच्या परिचयाचा 'ऑटो' घेऊं. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक असें गृहीत धरून चालतो कीं समोरचें दृश्य सरासरीनें मध्यम करड्या रंगाचें आहे. माणसें, झाडें, घरें यांच्या दृश्यांत हें गृहीत बरेंच खरें ठरतें. पण चौकट भरून पोथीचें पान धरलें कीं तें चुकतें. पान उजळ, म्हणून यंत्र प्रकाश कमी करतें आणि कागद राखेच्या रंगाचा होतो. उलट काळवंडलेला ताम्रपट काळ्या कापडावर ठेवला, तर यंत्र प्रकाश वाढवितें, आणि कोरलेल्या अक्षरांच्या उजळ कडा पांढऱ्या फटक होऊन विरतात. यावर खरा उपाय अधिक-उणें खुणेच्या बटणाचा आहे: कागदास अर्ध्यापासून एकापर्यंत अधिक, काळ्या ताम्रपटास तितकेंच उणें. ज्या लहान कॅमेऱ्यांत तें बटण नाहीं, त्यांत एक गमतीची वाट आहे. 'बर्फ' किंवा 'समुद्रकिनारा' या नांवाचा मोड पांढरें तें पांढरेंच राहावें म्हणून प्रकाश मुद्दाम वाढवून घेतो. पैठणासारख्या गांवीं बर्फ कोठलें? पण जुन्नरी कागदाच्या पोथीस हा मोड ऑटोपेक्षां बरा लागू पडतो. रंगांत थोडा फरक तोहि करतो, हें विसरूं नये.

ऑटोची दुसरी खोड रंगाची. पिवळ्या दिव्याखालीं घेतलेलें चित्र पिवळें दिसूं नये म्हणून कॅमेरा आपण होऊन पांढऱ्याचा अंदाज बांधतो. यास व्हाइट बॅलन्स म्हणतात. पण पिवळेपणा दिव्याचा कीं कागदाचा, हें त्यास कसें कळावें? जुन्या कागदाचा स्वाभाविक रंग तो दिव्याचा दोष समजून काढून टाकतो. परिणाम असा होतो कीं एकाच रुमालांतील निळसर विलायती कागद व तांबूस देशी कागद चित्रांत सारखेच दिसूं लागतात, आणि एकच कागद सकाळीं व संध्याकाळीं निरनिराळ्या रंगाचा दिसतो. कागदावरून एखाद्या पत्राच्या अस्सलपणाचा विचार करणारास हें किती घातक आहे तें सांगावयास नको. येथें निदान दिव्यास अनुरूप असा 'ऊन', 'साधा बल्ब' वगैरे ठराविक अंदाज हातानें निवडून कामभर तोच कायम ठेवावा. करड्या रंगाचें प्रमाणपत्रक पुढें धरून कॅमेऱ्यास पांढरें शिकविण्याची सोय असेल तर तिच्यासारखें दुसरें कांहीं नाहीं.

आतां ज्या मोडाकरितां हा लेख विशेषेंकरून लिहिला त्याकडे वळूं. कागदपत्रांचे फोटो घेणारास सर्वांत ओढ लावणारा मोड म्हणजे 'डॉक्युमेंट', 'टेक्स्ट' किंवा 'कॉपी' या नांवाचा. निकॉनच्या कूलपिक्स जातीच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत तो 'कॉपी' या नांवानें दिलेला होता. फोनवरील कागद 'स्कॅन' करण्याच्या सोयी त्याच वंशाच्या. नांव ऐकतांच हाच आपल्या कामाचा, असें वाटतें. पण हा मोड कोणत्या कागदासाठीं केला आहे? कचेरींतील छापील पांढऱ्या कागदासाठीं आणि भिंतीवरील फळ्यासाठीं. त्या कागदावर दोनच गोष्टी असतात, काळें अक्षर व पांढरी जमीन. म्हणून हा मोड एक सीमा ठरवून तिच्याहून उजळ तें सर्व पांढऱ्याकडे व तिच्याहून गडद तें सर्व काळ्याकडे लोटतो. आमच्या कागदावर दोनच गोष्टी कधींच नसतात. निकॉननें स्वतःच आपल्या पुस्तिकांत या मोडाखालीं रंगीत अक्षरें व आकृति नीट उमटणार नाहींत अशी सूचना छापिली होती. ती वाचण्याचे श्रम फारसें कोणी घेत नाहीं, इतकेंच.

पोथीचें उदाहरण घ्या. लिहितांना अक्षर चुकलें तर लेखक त्यावर हरताळाचा पिवळा लेप देई व वर शुद्ध अक्षर लिही. 'हरताळ फांसणें' हा आपला वाक्प्रचार त्यावरूनच पडला. पोथीच्या शाखा ठरवितांना हे हरताळाचे डाग म्हणजे सोन्याचे दाणे होत. मूळ लेखकास काय दिसलें व शोधकानें काय बदललें, हें तेच सांगतात. हरताळ पिवळा व उजळ, म्हणून डॉक्युमेंट मोड त्यास जमिनींत जमा करून पांढरा करतो. चित्रांत दुरुस्तीचा मागमूस राहत नाहीं, आणि शुद्ध केलेलें पान मुळांतच शुद्ध लिहिलेलें दिसतें. हिंगुळानें लिहिलेले 'उवाच', दंड व पुष्पिका यांची तीच दशा. तांबडा रंग जाऊन फिकट करडा उरतो, आणि गेरूनें नुसत्या चोळून ठेवलेल्या जागा तर साफ पुसल्या जातात. जुन्या काचेच्या प्लेटांवर याच्या उलट घडे. निळ्या प्रकाशासच संवेदन असलेल्या त्या प्लेटांना तांबडा व पिवळा दिसत नसे; त्यामुळें तांबडीं अक्षरें काळीं आणि हरताळाचा लेप काळपट ठिगळासारखा उमटे. ठिगळ निदान दिसे! कांहींतरी घडलें आहे अशी शंका वाचणारास येई. नवा मोड ती शंकाहि उरूं देत नाहीं. म्हणून या एका बाबतींत जुनी प्लेट अधिक प्रामाणिक होती असें आम्ही समजतों.

मोडी कागदांतील प्रकार निराळे, पण कमी घातक नव्हेत. काजळाची शाई सहसा विटत नाहीं. हिराकस व मायफळ यांची शाई मात्र कालांतरानें तपकिरी व फिकी होते. एकाच कागदावर मूळ मजकूर काजळाच्या शाईचा आणि बाजूचा शेरा किंवा इंग्रज अधिकाऱ्याची सही दुसऱ्या शाईची असेल, तर हा मोड मजकूर ठसठशीत करतो आणि शेरा उडवितो. पाणी लागून पडलेला डाग सीमेच्या पलीकडे गेला कीं काळा होऊन अक्षरें गिळतो. कसरीनें पाडलेलीं भोकें ही तर स्वतंत्र आपत्ति आहे. कागदाखालीं गडद कापड असलें म्हणजे भोक काळें दिसतें. रंगीत चित्रांत त्याची कड पाहून तें भोक आहे हें ओळखूं येतें, पण या मोडांत भोक व शाईचा ठिपका यांत भेद राहत नाहीं, आणि नसता अनुस्वार पदरीं पडतो. उलटपक्षीं, अंधाऱ्या माजघरांत आयएसओ वाढला कीं ठिपके पुसण्याची क्रिया जोर धरते आणि खरा अनुस्वारहि मळाबरोबर जातो. अंकांची गोष्ट याहून नाजूक आहे. १ आणि ९ यांतील भेद एका बारीक वळणाचा. तें वळण फिकट शाईचें असलें व मोडानें तें उडविलें, तर महिन्याची तारीख वा सन बदलतो, आणि कालगणनेचा सबंध डोलारा त्या एका फटकाऱ्यावर उभा असूं शकतो. मूळ कागद हातीं असेल तोंवर ही चूक केव्हांहि दुरुस्त होईल. प्रश्न मूळ हातीं नसेल तेव्हांचा आहे.

आणि मूळ नाहींसें होतें, हें काल्पनिक भय नव्हे. ५ जानेवारी २००४ रोजीं पुण्यांतील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला होऊन तेथील ग्रंथ, हस्तलिखितें व इतर वस्तूंची नासधूस झाली, ही गोष्ट ताजीच आहे. चित्र मुळाच्या पश्चात् साक्षीस कसें उभें राहतें याचें परदेशांतील एक उदाहरण तर फारच बोधप्रद आहे. आर्किमिडीजचे ग्रंथ असलेली दहाव्या शतकांतील एक ग्रीक पोथी होती. तेराव्या शतकांत तिचीं अक्षरें खरवडून त्याच चामड्यावर प्रार्थनापुस्तक लिहिलें गेलें. १९०६ सालीं डेन्मार्कचे पंडित हायबर्ग यांनीं कॉन्स्टँटिनोपल येथें ती पाहिली व तिच्या पानांचीं छायाचित्रें घेवविलीं. त्यानंतर ती पोथी खासगी हातांत गेली. कांहीं पानें हरवलीं, आणि चार पानांवर तर कोणी बनावट चित्रें रंगवून मजकूर झांकून टाकला. १९९८ सालीं न्यूयॉर्क येथें लिलावांत ती पुनः प्रकट झाली, तेव्हां अशा पानांच्या पूर्वरूपाची साक्ष द्यावयास हायबर्गचीं छायाचित्रें होतीं. त्या पानांवरील मुख्य मजकूर म्हणजे खरवडलेल्या अक्षरांच्या फिकट छाया. आजचा डॉक्युमेंट मोड त्या छायांस मळ समजून पांढरें करता.

या मोडाच्या कांहीं प्रकारांत आणखी एक आगाऊपणा असतो. कॅसिओच्या एक्झिलिम जातीच्या कांहीं कॅमेऱ्यांत तिरकस घेतलेला फळा वा कार्ड आपोआप सरळ चौकोनी करण्याची सोय होती, आणि फोनवरील स्कॅनमध्यें ती आतां सर्रास असते. हातकागदाच्या कडा मुळांत सरळ नसतात. यंत्र त्या ओढून काटकोनांत बसवितें. त्या ओढाताणींत लांबीरुंदीचें प्रमाण बिघडतें, कातरलेली कड कातरलेली दिसत नाहीं, आणि जोडकागदाच्या सांध्याची तिरपी रेघ सरळ होते. अशा चित्रावरून कागदाचें माप कोणी देऊं नये.

'म्युझियम' नांवाचा मोड, ज्या कॅमेऱ्यांत तो असेल त्यांत, आम्हांस बराच निरुपद्रवी वाटतो. त्याचें मुख्य काम फ्लॅश बंद ठेवणें हें आहे. एखाददुसऱ्या फ्लॅशनें कागदास किती इजा होते याविषयीं मतभेद आहेत. पण फ्लॅशची झळाळी ताम्रपटावर, घोटलेल्या कागदावर व सोनेरी कामावर पडून नेमकीं अक्षरेंच नाहींशीं करते, यांत मतभेद नाहीं. संग्रहालयानें मनाई केली असेल तर प्रश्नच मिटला. निकॉनच्या या मोडांत आणखी एक युक्ति असे; बटण दाबून धरलें असतां तो लागोपाठ दहापर्यंत चित्रें घेई आणि त्यांतील सर्वांत रेखीव एक ठेवून बाकीचीं टाकून देई. हात कांपणारास ही युक्ति उपकारक होय.

फुलाची खूण असलेला 'मॅक्रो' शिक्क्यांस, नाण्यांस व मोर्तबास लागतोच. पुष्कळ लहान कॅमेऱ्यांत तो भिंग सर्वांत रुंद कोनावर असतांनाच अगदीं जवळ जाऊं देतो. मग पानाच्या कडा पिंपासारख्या फुगतात आणि कॅमेऱ्याची सांवली वस्तूवर पडते. याकरितां थोडें दूर राहून भिंग लांबवावें. शिक्का चौकटींत लहान दिसला तरी चालेल, फुगलेला नको. स्त्रीमुखाच्या खुणेचा व्यक्तिचित्राचा मोड कागदास कधींहि लावूं नये. तो भिंगाचें तोंड मोठें उघडतो, त्यामुळें पोथीच्या फुगलेल्या पानाचा मध्य रेखीव व कडा अस्पष्ट होतात. शिवाय कातडी मऊ दाखविण्याची जी मेहेरबानी तो तरुण मंडळींवर करतो तीच कागदाच्या पोतावरहि करतो.

शिलालेखांकडे गेलें म्हणजे प्रकरण पालटतें. गडावरील किंवा देवळाच्या ओट्यावरील शिळा पाहून डोंगराच्या खुणेचा मोड लावण्याचा मोह होतो. त्यानें हिरवा व निळा रंग भडक होतो, म्हणजे शेवाळ उठून दिसतें व अक्षर मागें सरतें. याहून वाईट म्हणजे 'एचडीआर'. हा मोड कमीअधिक प्रकाशांत घेतलेलीं दोनतीन चित्रें एकत्र करून सांवल्या उजळतो व ऊन मंद करतो. देखाव्यास तें शोभतें. पण झिजलेला शिलालेख वाचावयाचा तो सांवल्यांवरच. सकाळचें वा सायंकाळचें तिरपें ऊन पडलें म्हणजे खोदलेल्या रेघेंत जी सांवली भरते तेंच अक्षर. एचडीआर ती सांवली पुसून टाकतो. ज्यांनीं शाईचे ठसे घेतले आहेत त्यांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. एचडीआर बंद करावा, आणि ऊन तिरपें नसेल तर शिळेवर छत्रीची सांवली धरून बाजूनें हातदिव्याचा प्रकाश टाकावा. रात्रीच्या मोडाविषयींहि सावध असावें. तो अनेक चित्रें एकावर एक बसवितो, आणि मधल्या काळांत पंख्याच्या वाऱ्यानें पान हाललें तर अक्षरांस जुळीं भावंडें होतात.

लांब जोडकागदांसाठीं 'पॅनोरामा' वापरण्याची एक नवी चाल पडूं पाहत आहे. ती येथेंच थांबावी अशी आमची इच्छा आहे. हा मोड सरकत्या चित्रांचे तुकडे सारखेपणा पाहून जोडतो, आणि मोडीच्या ओळी तर डोक्यावरच्या रेघेमुळें एकमेकींसारख्याच दिसतात; सबब एखादी ओळ गळण्याचा किंवा दोनदां येण्याचा संभव राहतो. डोळा चुकून एका शब्दावरून खालच्या ओळींतील त्याच शब्दावर उडी मारणें ही जुन्या नक्कलकारांची सर्वपरिचित चूक आहे. यंत्रानें ती नेमकी उचलावी, हें नवल होय. लांब कागद तुकड्यातुकड्यानेंच घ्यावा आणि प्रत्येक तुकड्यांत मागल्याच्या शेवटच्या तीनचार ओळी पुनः याव्या.

मग कोणता मोड वापरावा, असें विचाराल, तर चक्रीवर 'ए' किंवा 'एव्ही' अशी अक्षरें असलेला. हाहि एक तयार मोडच, पण त्यांत भिंगाचें तोंड आपण ठरवितों व शटर यंत्र ठरवितें. पुढच्या संस्कारांत तो आपण होऊन ढवळाढवळ करीत नाहीं. तोंड एफ ८ च्या आसपास ठेवावें. पानाचा फुगवटा त्यांत रेखीव येतो, आणि तोंड फार बारीक केल्यानें येणारी अस्पष्टताहि टळते. आयएसओ १०० किंवा २००. शटर मग अर्धा सेकंदहि घेईल, म्हणून कॅमेरा तिपाईवर असावा आणि दोन सेकंदांच्या टायमरनें बटण सुटावें. कॅमेरा कागदावर बरोबर ओळंब्यांत असला पाहिजे. कागदाच्या जागीं लहान आरसा ठेवून त्यांत भिंगाचें प्रतिबिंब चौकटीच्या मध्यावर दिसतें कीं नाहीं हें पाहिलें म्हणजे झालें. पाठीकडील अक्षरें उमटून दिसत असतील तर पानाखालीं काळा कागद घालावा. भोकें अधिक असतील तर काळा नको, पानाच्याच रंगाचा घालावा. दोन्ही दोष असतील त्या पानाचीं दोन चित्रें घ्यावीं. पाठ कोरी दिसली तरी तिचेंहि चित्र घ्यावें, कारण शेरा पुष्कळदां तेथें असतो.

चित्र किती बारीक असावें याचा हिशेब सोपा आहे. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० बाय ४००० बिंदूंचें चित्र देतो. १५ इंच लांबीचा कागद चौकट भरून घेतला तर इंचास ४०० बिंदू पडतात, आणि तेवढे मोडीस पुरेसे होतात. ३० इंचांचा कागद एकाच चित्रांत कोंबला तर २०० च पडतील. त्यांत बोरूच्या बारीक फटकाऱ्याचा भरंवसा धरतां येत नाहीं.

शक्य तेथें जेपेगबरोबर 'रॉ' हें रूपहि ठेवावें. त्यांत पटलानें टिपलेलें तें संस्कारावांचून राहतें, आणि पांढऱ्याचा निर्णय मागाहून बदलतां येतो. कॅननच्या कांहीं जुन्या कॅमेऱ्यांत चित्रखुणांचे मोड लावले असतां रॉ मिळतच नसे; हेंहि त्या खुणांपासून दूर राहण्याचें एक कारण होतें. डॉक्युमेंट मोडाशीं आमचें हाडवैर मात्र नाहीं. ठळक शाईचा मोठा मजकूर भराभर वाचून काढावयाचा असेल तर तो डोळ्यांचे श्रम वांचवितो. त्याचें चित्र दुसरें असावें, पहिलें नव्हे, आणि एकटें तर कधींच नव्हे.

शेवटीं नोंदीविषयीं. पोथीच्या अंतीं लेखक, स्थल व काल सांगणारी पुष्पिका असते, तशी प्रत्येक डिजिटल चित्राच्या पोटांत एक नोंद असते. तिला एक्झिफ म्हणतात. तोंड, शटर, आयएसओ, दिवस व वेळ हीं तींत आपोआप लिहिलीं जातात. २००२ पासून प्रचारांत आलेल्या तिच्या २.२ या आवृत्तींत दृश्याचा प्रकार लिहिण्यासहि एक रकाना आहे, पण त्यांत घरें चारच: साधारण, डोंगर-देखावा, व्यक्ति व रात्र. डॉक्युमेंट मोडास त्या रकान्यांत स्वतंत्र घर नाहीं. निर्मात्याच्या खासगी नोंदींत तो लपला असला तर असेल. ती वाचणें सर्वांस साधत नाहीं. म्हणजे ज्या मोडाची माहिती आम्हांस सर्वांत अधिक हवी, तीच या पुष्पिकेंत मिळण्याची खात्री नाहीं. त्यांतून चित्र व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठविलें कीं ही पुष्पिका गळून पडते आणि चित्रहि आक्रसतें; पाठवावयाचेंच तर तेथील 'डॉक्युमेंट' या वाटेनें पाठवावें. येथें मात्र हें नांव उपकारक ठरतें.

याकरितां कागदाशेजारीं चौकटींतच एक चिठ्ठी ठेवण्याची पद्धति आम्हांस पसंत आहे. तिच्यावर रुमालाचा व कागदाचा अनुक्रमांक, चित्र घेतल्याचा दिवस, प्रकाश खिडकीचा कीं दिव्याचा, आणि मोडाचें नांव एवढें पेन्सिलीनें लिहावें. तिच्या कडेस इंचाची पट्टी व करड्या रंगाचा तुकडा चिकटवावा. चिठ्ठी कागदास टेंकूं देऊं नये. चित्र वाचावयास पाठवितांना ती कातरून टाकूं नये, ही विनंति.